समुद्राला आवतन

सोनाजीरावांना न्यूझीलंडला मुलाकडं पाठवायचं ठरलं, तेव्हा घरातला कोणता माणूस चार महिने नसला तरी काही अडणार नाही, याचा विचार झाला होता. तो विचार फार वेळ चालला नाही. सखुबाईंच्या, म्हणजे त्यांच्या कारभारणीच्या, मागे बैल होते, गाभण गाय होती, हळदीचं निंदण होतं आणि अंगणभर चिवचिवणारी कोंबड्यांची पिलं होती. सोनाजीरावांना फक्त मान होता.

मान म्हणजे पोळ्याचा. डोंगरकड्याच्या अलीकडं सावरगव्हाण नावाचं त्यांचं गाव. पोळ्याला तिथं मारुतीपुढं आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात. त्या तोरणाखाली मानाचा बैल उभा राहतो, आणि त्याचा मालक, म्हणजे घरचा कर्ता, त्याला पुरणपोळीचा पहिला घास भरवतो. तो घास बैलाच्या पोटात गेला की तोरण तुटतं, मागं उभी असलेली बैलांची रांग सुटते, घरोघरी बैल जेवतात, आणि बैल जेवले की मग माणसं. हा मान सोनाजीरावांच्या घराण्याकडं निजामाच्या अमलापासून होता. दरसाल ते फेटा बांधून एक घास भरवत आणि वर्षातले उरलेले दिवस त्या श्रमातून सावरण्यात घालवत.

यंदा गोची झाली ती तिकिटामुळं. परतीचं तिकीट सोमेश्वरनं, म्हणजे डनेडिनला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, कॅलेंडर पाहूनच काढलं होतं. फक्त ते कॅलेंडर तिकडचं होतं, आणि तिकडच्या कॅलेंडरात पोळा नसतो.

पोळा जवळ आला आणि एके सकाळी सखुबाईंनी गोठ्यातूनच फोन लावला.

"अहो, संतरामभाऊ पारावर बसून राहिलेत."

"बसू दे की. पार काय आपल्या बापाचा हाय?"

"मान मागून राहिलेत."

फोनमधून सोमेश्वरच्या घरातल्या हीटरची घरघर इकडं लाख्या आणि मोऱ्या या बैलांनाही ऐकू गेली.

"काहून?"

"कर्ता गावात न्हाई, मग मान गावात कशाला, म्हनतेत. सांजच्याला पंचायत हाय. तुमी फोन उचला म्हंजी झालं."

संतरामचा मळा सोनाजीरावांच्या बांधाला लागून होता. बैल सोनाजीरावांच्या बैलांपेक्षा वीतभर उंच होते. झुली नांदेडहून आणलेल्या, घुंगरं वसमतच्या बाजारातली. एवढं सगळं असून पोळ्याच्या रांगेत नंबर मात्र दुसरा. माणसाला दुःख असावं तर असं एकाच जागी, रोज खाजवता येईल असं असावं.

पंच म्हणून सरपंच धम्मदीपला बसवलं. तो तरुण होता, वसमतच्या कोर्टात वकिली करत होता. त्याच्याकडं बैल नव्हते, आणि बौद्धवाड्यातल्या त्याच्या घराला या मानापानाशी काही देणंघेणंही नव्हतं. म्हणून त्याच्या न्यायावर दोन्ही बाजूंचा विश्वास होता.

"आदल्या दिशी कर्त्यानं बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळायचे," संतराम बोटांवर मोजत म्हणाला, "आन् सोताच्या तोंडानं आवतन द्यायचं. आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. आमचे आजे हेच करत आले. आवतनच न्हाई तर जेवण कशाचं, आन् मान कशाचा?"

"फोनवरून देतील की लाख्याला," कोणीतरी म्हणालं.

"बैलाच्या कानाला फोन लावता का? उद्या म्हनसाल नवरदेव फोनवरून सप्तपदी चालंल. समोरासमोर पायजे."

धम्मदीपनं चष्मा पुसला. "म्हणजे कर्ता समोर पाहिजे, जनावर जितं पाहिजे, आवतन तोंडानं पाहिजे. एवढंच ना, संतरामभाऊ?"

"एवढंच."

"जनावर याच गावचं पाहिजे, असं काही?"

संतराम थबकला. "जित्राब म्हंजी जित्राब."

"मग सोनाजीराव जिथं आहेत तिथल्या जनावराला समोरासमोर आवतन देतील. आपण सगळे फोनवर बघू. दिलं तर मान त्यांचा, नाही दिलं तर तुमचा."

संतराम मोठ्यानं हसला आणि कबूल झाला. "फॉरेनला कुठली आलीत जित्राबं? तिथं दूध पुठ्ठ्याच्या डब्यातून निघतं."

त्या देशात माणसांपेक्षा जित्राबं जास्त आहेत, हे संतरामला ठाऊक नव्हतं. पण तिथल्या जित्राबांना भेटायला आधी वेळ घ्यावी लागते, हे सोनाजीरावांना ठाऊक नव्हतं. सोमेश्वर त्यांना घेऊन एका गोठ्यावर गेला. गोठा कसला, आपल्याकडच्या तहसील कचेरीपेक्षा टापटीप. फाटकावरच्या माणसानं नम्रपणे विचारलं, पाहुणे अलीकडं कुठल्या गुराढोरांत वावरले आहेत का? सोमेश्वरनं ते मराठीत सांगितलं. सोनाजीरावांची छाती फुगली.

"त्याला म्हनावं, उभा जलम बैलातच गेला. त्यांच्या शेणात लोळलो, त्यांच्या लाळेनं न्हालो."

सोमेश्वरला खोटं बोलता येत नव्हतं. हा त्याच्यावर आईनं केलेल्या संस्कारांचा दोष. फाटकावरच्या माणसानं रोगराईचं कारण सांगून फाटक लावून घेतलं, आणि ज्याला सोनाजीरावांचा हात लागला होता त्या कडीवर काहीतरी फवारलं.

गाडीत सोनाजीरावांनी आपला हात उलटसुलट करून पाहिला. मग सोनाजीराव म्हणाले, "सोमेश, आपल्या वळखीचं एकच जित्राब हाय इथं."

ही ओळख कशी झाली ते सांगायला हवं.

सोमेश्वरचं घर समुद्रापासून एका चिलमीच्या अंतरावर होतं. पहिल्याच आठवड्यात सोनाजीराव एकटे फिरायला गेले. वाळूत एक काळाकरडा दगड पडला होता. त्यांनी खांद्यावरचं उपरणं त्यावर पसरलं, आता टेकावं म्हणून वाकले, आणि दगड शिंकला.

शिंकलेल्या दगडानं तोंड वर केलं. तोंडाला मिशा होत्या. डोळे चिंचोक्यासारखे तुकतुकीत, ओले, जसं काही माहेरचं कोणी आत्ताच निरोप घेऊन गेलंय. वास असा, की भर उन्हाळ्यात सुकटीचं पोतं फुटावं. सोनाजीराव जागचे हलले नाहीत. हे आपलं धारिष्ट्य होतं, असं ते पुढं सांगत. खरं तर बूट वाळूत रुतला होता. जनावरानं जांभई दिली, त्यात सगळे दात मोजून दाखवले, मग ते उपरणं हनुवटीखाली ओढलं आणि पुन्हा झोपी गेलं. सोनाजीरावांनी उपरणं परत मागितलं नाही.

"आबा, तो सी लायन," सोमेश्वरनं घरी समजावलं. "सील वेगळा. सीलचे कान बाहेर दिसत नाहीत आणि तो पोटावर घसटत जातो. याला कान आहेत, आणि हा पुढच्या पायांवर चालतो. फार थोडे उरलेत जगात. वीस मीटर लांब राहायचं, तसा नियम आहे."

"त्यालाबी सांगितलाय का नियम? माझं उपरणं घेऊन बसला."

पण त्या दिवसापासून सोनाजीराव रोज सकाळी वाळूवर जाऊ लागले. मुलगा आणि सून कामात. नात पाळण्यात. शेजारी भेटले की हसत आणि हवेविषयी बोलत, आणि हवेविषयी सोनाजीरावांना जे म्हणायचं होतं ते इंग्रजीत बसत नव्हतं. म्हणून ते वीस मीटरवर बसत आणि त्या आडव्या पडलेल्या जिवाला सगळं सांगत: हळदीला करपा पडला की काय होतं, साखर कारखान्यात गाळपाची मोळी कधी पडते, औंढ्याच्या जत्रेत घेतलेली कांबळ अजून कशी टिकून आहे. तो ऐकत असे. निदान उठून जात नसे. चार घरं हिंडूनही मिळत नाही असा श्रोता त्यांना भरल्या समुद्राच्या काठी मिळाला होता. ते त्याला पाव्हणा म्हणत.

पोळ्याच्या आदल्या दिवशी, आपल्याकडं सकाळची गुरं पाण्यावरून परतायच्या वेळी, सावरगव्हाणच्या पारावर उत्तमसिंग मंडपवाल्यानं आपला मोठा फोन लग्नातल्या कॅमेऱ्याच्या तीन पायांच्या घोडीवर चढवला. पडद्यावर करडा समुद्र उमटला. मग सोनाजीराव. डोक्याला फेटा, अंगात सुनेनं दिलेलं फुगीर जाकीट, त्याखाली धोतर आणि धोतराखाली थंडीची विजार. हातात वाटी. त्यांच्या मागं सोमेश्वर मोजपट्टी घेऊन उभा होता आणि कोणी बघतंय का, हे बघत होता.

"बैल कुठाय?" संतरामनं विचारलं.

"ह्यो काय."

फोन वळला. पारावरचे सगळे पडद्याकडं सरकले.

"ह्यो? ह्याला शिंगं न्हाईत."

"तुझ्या मुंड्याला तरी कुठं हायेत?" मुंड्या हा संतरामचा बिनशिंगी बैल.

"मुंड्याला पाय हायेत."

"ह्यालाबी चार हायेत. मागले दोन दुमडून बसलाय. थंडी हाय इथं."

"कान?"

"हायेत. बराबर दोन हायेत. सोमेश, जवळून दाखव कान."

"जवळून नाही दाखवता येत, आबा. वीस मीटर."

संतरामनं फोनला नाक लावून पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा तजेला आला. "खांदा कुठाय? मळायचा म्हनता तो खांदा दाखवा."

प्रश्न अवघड होता. डोक्यापासून शेपटापर्यंत ते जनावर म्हणजे एकच उतार होता. मान कुठं संपते आणि पाठ कुठं लागते, हे त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं. आणि खांदा सापडला तरी वीस मीटरवरून हात पोचणार कसा? सगळे सरपंचाकडं बघू लागले.

"संतरामभाऊ," धम्मदीप म्हणाला, "मागल्या साली मुंड्या लाथा झाडत होता, तेव्हा तुम्ही त्याचा खांदा कसा मळला?"

संतराम शेतकऱ्याच्या डोळ्यांनी आभाळाकडं बघू लागला.

"काठीला चिंधी बांधून," त्याची बायको मंजुळाबाई मागून म्हणाली. "तीबी लागलीच न्हाई. वाऱ्यावरच फिरवली."

"म्हणजे वाऱ्यावरची मळणी गावाला मान्य आहे," धम्मदीपनं निकाल दिला.

सोनाजीरावांनी वाटीतलं तूप आणि हळद बोटांवर घेतली आणि खारट वाऱ्यात हात फिरवला, वरून खाली, मग उलटा, जसा लाख्याच्या वशिंडावरून फिरवतात तसा. त्यांचा आवाज जरा चिरकला. थंडीनं असेल.

"आज आवतन घ्या. उद्या जेवायला या."

पाव्हण्यानं एक डोळा उघडला. नाकातून एक जाडजूड फुत्कार सोडला आणि डोळा मिटला.

"हुंकार दिला," पारावर कुजबुज झाली. म्हाताऱ्यांनी हात जोडले. लाख्यानं उभ्या आयुष्यात कधी हुंकार दिला नव्हता.

मान राहिला. संतराम घरी गेला आणि त्यानं मुंड्याला विनाकारण दोन शब्द ऐकवले. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण आवतन एकानं दिलं होतं, आणि ते ऐकणाऱ्यानं मनावर घेतलं होतं.

पोळ्याच्या दिवशी पूनमनं, म्हणजे सुनेनं, पुरण शिजवलं. वास बाहेर जावा म्हणून स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि होतं तसंच लावून घेतलं.

"आबा," ती म्हणाली, "तुमचे कोणीतरी आलेत."

पायपुसण्यावर पाव्हणा निजला होता. अंगावर वाळू, मिशीत शेवाळ, पायरीवर पाण्याचा ओघळ. आला तो सरळ रस्त्यानं आला असावा, कारण शेजारच्या बाईंच्या फुलझाडांमधून एक रुंद, सपाट, नवीन वाट तयार झाली होती.

सोनाजीराव दारातल्या काचेशी उभे राहिले. त्यांनी सवयीनं हात जोडले. त्यांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या आवतनं दिली गेली होती. पण बैल गोठ्यातच बांधलेले असत. बोलावल्यावर कोणी आपल्या पायांनी चालत आल्याचं हे पहिलंच उदाहरण होतं.

सोमेश्वरनं वन्यजीव खात्याला फोन लावला. तिथल्या बाई अगदी निवांत होत्या. सी लायन असे अधूनमधून येतात, त्या म्हणाल्या, रस्त्यात येतात, मैदानात येतात, कोणाच्या अंगणात येतात. झोप झाली की जातात. आज जाईल, नाहीतर उद्या, नाहीतर परवा. त्याच्या जवळ जाऊ नका, त्याला हुसकू नका, आणि खायला तर मुळीच घालू नका. तो गुन्हा आहे.

"म्या बोलावलंय त्याला," सोनाजीराव मागून म्हणाले. "सांग त्यांना."

"आबा, हे त्यांना सांगायचं नाही."

बातमी सावरगव्हाणला पोचायला जितका वेळ लागायला हवा होता, तितकाही लागला नाही. उत्तमसिंगनं वरातीतला मोठा एलईडी पडदा ट्रॅक्टरवर घालून आणला आणि थेट तोरणाखाली उभा केला. मानाचं जनावर तोरणाखाली उभं राहिलं पाहिजे, हा नियम असा पाळला गेला; उभं नव्हे, आडवं, पण त्याला इलाज नव्हता. डीजेच्या भिंतीला वायर जोडली. पाव्हण्याच्या घोरण्यानं मारुतीच्या देवळाची घंटा थरथरू लागली. मागं रंगवलेल्या शिंगांची, बाशिंगं बांधलेली, झुली पांघरलेली बैलांची रांग वेशीपर्यंत गेली होती. घोरणं ऐकून पहिले चार बैल खालीच बसले.

"ह्ये काय खरं न्हाई," संतराम म्हणाला. "ह्यो मासा हाय. माशाला कुठं मान असतो का? आवतन रद्द करा."

पण गाव आता त्याचं ऐकण्याच्या पलीकडं गेलं होतं. बोलावणं ऐकून समुद्रातून उठून, परक्या मुलखात वाट काढत, पोळ्याच्या दिवशी बरोबर दारात आलेल्या पाव्हण्याला मासा म्हणायचं? म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. आणि खुद्द संतरामच्या बायकोनं पदर सावरून ओवी धरली:

"आवतन धाडीलं गं, धाडीलं समिंदराला
ओल्या गं मिशांचा, पाव्हणा आला दाराला."

बायकांनी ती उचलली. संतरामला आता घरीही कोणी वाली उरला नाही.

राहिला फक्त घास; आवतन ज्याला, पहिला घासही त्यालाच. सोनाजीरावांनी काचेपलीकडून पुरणपोळीचं ताट दाखवलं. तूप थिजत होतं. सगळं गाव श्वास रोखून बसलं. पाव्हणा झोपला होता.

"भरवा की, सोनाजीराव," उत्तमसिंगनं माईकवरून सांगितलं.

"झोपलाय."

"मग उठवा."

"उठवायची मनाई हाय."

"मग तोंडापाशी ठेवा. वासानं उठंल."

"खायला घातलं तर दंड हाय. सरकारी नियम हाय इथला."

पारावर या गोष्टीचा बराच वेळ कोणाला अर्थ लागेना. पाव्हण्याला जेवू घालणं हा गुन्हा. असला कसला मुलूख म्हणायचा? आणि आपल्या गावातून शिकूनसवरून पोरं अशा ठिकाणी जाऊन राहतात.

"मग त्यो खाईल कवा?" संतरामनं विचारलं. त्याचा आवाज बदलला होता. त्याला शुगर होती, आणि मंजुळाबाईनं सकाळपासून चहावर ठेवलं होतं.

"बाई म्हनतात, आज न्हाई तर उद्या. न्हाई तर परवा."

तेव्हा पहिल्यांदा सावरगव्हाणच्या लक्षात आलं, की आपण कशात अडकलो आहोत. घास पाव्हण्याच्या पोटात गेल्याशिवाय तोरण तुटायचं नाही. तोरण तुटल्याशिवाय बैल घरी जायचे नाहीत. बैल जेवल्याशिवाय माणसानं जेवायचं नाही. आणि घराघरात तर पोळ्यांच्या चवडी लागल्या होत्या, कटाची आमटी उकळून उकळून अर्धी झाली होती. सगळ्या गावाचं जेवण एका झोपलेल्या जनावराच्या पापणीला टांगलं होतं, आणि ती पापणी परदेशात होती.

ऊन माथ्यावर आलं. तिकडं दिवस कलला, पूनमनं अंगणातला दिवा लावला. पाव्हण्यानं कूस बदलली. सगळं गाव उठून उभं राहिलं. त्यानं पोट खाजवलं. सगळं गाव बसलं. शेंदरी शिंगांचा रंग घामानं ओघळू लागला. एका बैलानं पुढच्या बैलाचं बाशिंग खाल्लं आणि त्याच्याकडं सगळे हेव्यानं बघत राहिले. ओव्यांचा सूरही उतरला होता:

"पाव्हणा निजला गं, निजला उंबऱ्यात
पुरणाची पोळी, सुकली परातीत."

"सरपंच," संतराम शेवटी कळवळून म्हणाला, "काही कायदा काढा. मला मान नको. मला पोळी द्या."

धम्मदीप विचारात पडला. आवतन रद्द करावं तर दारी आलेल्याचा अपमान. करू नये तर गाव भुकेनं मरतं. त्यानं कोर्टात अशा तारखा खूप पाहिल्या होत्या, पण तिथं निदान दुपारी जेवणाची सुट्टी होते.

तेवढ्यात रांगेच्या मागून घुंगरं वाजली. सखुबाई लाख्याचा कासरा धरून येत होत्या. सकाळपासून त्या पारावर आल्याच नव्हत्या. दोन्ही बैल धुणं, शिंगं रंगवणं, पुरण वाटणं, गाईला आंबोण, पिलांना कण्या, या सगळ्यातून त्यांना सी लायन बघायला सवड झाली नव्हती. हातात पितळी ताट होतं, ताटात वाफाळती पोळी.

"सरकवा त्यो पडदा जरासा," त्या म्हणाल्या.

"अगं, काय करून राहिलीस?" पडद्यावरून सोनाजीरावांनी विचारलं. डीजेमुळं तो प्रश्न शिवारभर गेला.

"लाख्याला घास भरवून राहिले. तुमचा पाव्हणा तुमच्या दारी हाय. त्याचं त्याला सवडीनं होऊ द्या. गावाला कशापायी उपाशी मारता?"

"पर आवतन..."

"लाख्याला आन् मोऱ्याला आवतन काल सांजच्यालाच दिलंय म्या. खांदे मळून. दरसालचंच हाय ते. तुमी तवा फेटा बांधायला पारावर बसलेले राहता."

पारावरच्या सगळ्यांना अचानक आठवलं, की सोनाजीरावांना खांदे मळताना गेल्या कित्येक वर्षांत कोणी पाहिलेलंच नाही.

धम्मदीप सावकाश उठला. "समोरासमोर?"

"मग काय फोनवरून?"

"जनावर जितं?"

लाख्यानं शेपटीनं त्याला उत्तर दिलं.

"आवतन तोंडानं. तिन्ही गोष्टी बसतात. राहिलं कर्ता कोण, एवढंच." त्यानं संतरामकडं पाहिलं. "संतरामभाऊ, बाईनं घास भरवायला तुमची हरकत?"

बाजूला मंजुळाबाई उभी होती. समोर पोळी होती. आज्यांची रीत संतरामच्या ओठांकडं निघाली होती, पण वाटेत तिला पोट लागलं.

"वैनी," तो म्हणाला, "भरवा लवकर."

लाख्यानं पोळी एका घासात संपवली, ताट चाटलं आणि तोरणाचं एक टोकही ओढून खाल्लं. तोरण तुटलं. हलगी कडाडली. रांग अशी सुटली की पडद्याजवळचा उत्तमसिंग देवळात शिरला. पहिल्यांदाच सावरगव्हाणात मानाच्या बैलाचा कासरा बाईच्या हातात होता, आणि तिकडं बघायला कोणाला वेळ नव्हता, कारण सगळे घराकडं पळत होते.

पारावर फक्त पडदा राहिला. पडद्यात फेटा बांधलेले सोनाजीराव रिकाम्या पाराकडं बघत होते.

संध्याकाळी, बैलांचं पाणीवैरण झाल्यावर, सखुबाईंचा फोन वाजला.

"जेवलीस का?" सोनाजीरावांनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी याआधी कधी विचारला होता, ते सखुबाईंना आठवेना.

"बसूनच राहिले. तुमी?"

"कसा जेवू? पोरं जेवली. मला म्हनतात, आबा जेवा, तो काय बघून राहिला का? पर मीच बोलावलंय त्याला. आवतन दिलेला दारात उपाशी, आन् मी आत बसून खाऊ? घास उतरंल का?" पलीकडं झाकण वाजलं. "भूक लय लागलीय, सखू. ह्यो काय उठून न्हाई राहिला. काय करू?"

"ताट झाकून ठेवा."

"ठेवलंय."

"गार झालं तर परत ऊन करा. आमटी आटू देऊ नका, वरून थोडं पाणी घाला. मधून मधून डोकावून बघा, उठला का. उठला की लगेच वाढायची तयारी पायजे, न्हाईतर रुसंल."

"आन् मी कवा जेवायचं?"

"त्यो जेवला की."

"आन् त्यो परवा उठला तर?"

"मग परवा. मधी लय कळ लागली तर भांड्याच्या बुडाला लागलेलं पुरण खरवडून घ्या, त्याला जेवण म्हनत न्हाईत. आन् उठल्यावर त्यानं इचारलं, तुमी जेवला का, तर व्हय म्हना." सखुबाईंनी ताटावरची माशी हाकलली. "इचारत न्हाई म्हना कुनी."

पलीकडं लांबवर, दाराबाहेर, कोणीतरी निवांत घोरत होतं.

"सखू," सोनाजीराव हळूच म्हणाले, "तू..."

"ठेवते आता," सखुबाई म्हणाल्या, "माझी पोळी गार होऊन राहिली."

आणि त्यांनी ताट पुढं ओढलं.